प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर : पाकी, नमाज आणि प्रकृती

हजरत इमरान बिन हुसैन (रजि.) यांना मूळव्याधीचा त्रास होता. असे दुखणे माणूस चारचौघांत बोलून दाखवीत नाही. परंतु या सहाबींनी ते लपवून ठेवले नाही. ते प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे गेले आणि अशा स्थितीत नमाज कशी अदा करावी, असे त्यांनी सरळ विचारले. उभे राहून करा, ते जमत नसेल तर बसून, आणि तेही जमत नसेल तर कुशीवर पडून करा, असे उत्तर त्यांना मिळाले. बुखारीच्या संग्रहात ही हदीस आहे. आजारी माणसाच्या नमाजचे सारे प्रकरण फिक्हच्या ग्रंथांत याच उत्तराभोवती उभे राहिले, आणि त्याचे निमित्त होते शरीराच्या झाकलेल्या भागाचे एक दुखणे व ते विचारण्याचे धैर्य.

आज आपण अशाच एका दुखण्याविषयी बोलणार आहोत. साठी ओलांडलेल्या पुरुषांमध्ये प्रोस्टेट ग्रंथीचे विकार नवे नाहीत. अक्रोडाएवढी ही ग्रंथी मूत्राशयाच्या तोंडाशी असते आणि लघवीचा मार्ग तिच्या मधून जातो. वयानुसार ती वाढते, त्यामुळे धार बारीक होते व रात्री पुन्हा पुन्हा उठावे लागते. ही वाढ साधी असेल तर बहुधा औषधांवर भागते. औषधांनी न भागल्यास लघवीच्या मार्गातूनच दुर्बीण घालून आतला वाढलेला भाग खरवडून काढतात. कर्करोग असेल आणि तो ग्रंथीपुरताच मर्यादित असेल, तर पुष्कळदा पूर्ण ग्रंथी काढून टाकून मूत्राशय व मूत्रमार्ग पुन्हा एकमेकांना शिवून जोडतात. या दोन शस्त्रक्रिया एक नव्हेत. शेजारच्या चाचांची दुर्बिणीची शस्त्रक्रिया झाली आणि ते लगेच बाजारात हिंडू लागले, म्हणून ज्यांची संपूर्ण ग्रंथी काढली आहे त्यांनी स्वतःला त्यांच्या मापाने मोजू नये.

परळ येथील टाटा मेमोरियल रुग्णालय 1941 पासून कर्करोग्यांची सेवा करीत आहे. त्याच्या जवळच 1926 साली सुरू झालेले के. ई. एम. रुग्णालय आहे. रत्नागिरी, रायगड, मराठवाडा, खानदेश अशा ठिकाणांहून आलेली आपली माणसे या रस्त्यांवर कागदांची पिशवी छातीशी धरून चालताना दिसतात. कोणी दादरच्या धर्मशाळेत उतरते, कोणी लालबाग-भायखळ्याकडे नातेवाइकांच्या एका खोलीत. शस्त्रक्रिया पार पडते, नळी व पिशवी लावून रुग्ण घरी येतो, आणि मग एक प्रश्न उभा राहतो जो तो डॉक्टरांना विचारीत नाही, कारण तो वैद्यकीय नाही, आणि इमामसाहेबांनाही विचारीत नाही, कारण लाज वाटते. तो प्रश्न असा : माझी लघवी थांबत नाही, कपडे पाक राहत नाहीत, तर माझी नमाज होते का?

वाचक बंधूंनो, या प्रश्नाचे उत्तर न मिळाल्यामुळे चाळीस चाळीस वर्षे जमातीची नमाज न चुकविलेली माणसे नमाज सोडून बसलेली आहेत. बेदरकारपणामुळे त्यांनी ती सोडलेली नाही. उलट पाकीविषयीचा आदर हेच त्याचे कारण आहे, आणि म्हणूनच ही गोष्ट मनाला अधिक लागते. दोन कबरींची हदीस त्यांनी लहानपणापासून ऐकलेली असते. त्या दोघांपैकी एकाला लघवीच्या शिंतोड्यांपासून स्वतःला न जपल्याबद्दल यातना होत होत्या. ही हदीस खरी आहे, बुखारीत आहे, आणि तिची धास्ती असावीच. परंतु ती जपणे शक्य असूनही न जपणाऱ्याविषयी आहे. ज्याच्या शरीरातून ती क्षमताच काही काळापुरती गेली आहे, त्याच्यासाठी शरिअतने वेगळे दार उघडे ठेवले आहे. अल्लाह कोणावरही त्याच्या कुवतीबाहेरचा भार टाकीत नाही, हे सूरह बकराच्या अखेरच्या आयतीत स्पष्ट आहे. धर्मात तुमच्यासाठी अडचण ठेवलेली नाही, हे सूरह हजच्या शेवटी आले आहे.

या बाबतीत मूळ आधार हजरत फातिमा बिन्त अबी हुबैश (रजि.) यांच्या हदीसचा आहे. त्यांना मासिक दिवसांव्यतिरिक्तही रक्तस्राव होत असे, थांबत नसे. आपण नमाज सोडावी का, असे त्यांनी विचारले. प्रेषितांनी (स.) नकार दिला : हा शिरेचा स्राव आहे, मासिक दिवस संपले की स्वच्छ होऊन नमाज अदा करीत जा आणि प्रत्येक नमाजसाठी वुजू करा. याच नियमाखाली फुकहांनी न थांबणारी लघवी, सतत सरणारा वायू, वाहणारी जखम हे सारे घेतले. अशा व्यक्तीला ‘माजूर’ म्हणतात. माजूर म्हणजे ज्याचा उजर अल्लाहने मान्य केला आहे असा माणूस, तो नापाक माणूस नव्हे. कुरआनचे लेखन करणारे हजरत जैद बिन साबित (रजि.) यांना वृद्धापकाळी हाच विकार जडला होता. त्यांचे चिरंजीव खारिजा सांगतात की ते जमेल तेवढा उपाय करीत, आणि आवरेनासे झाले की वुजू करून नमाज अदा करीत. ज्यांच्या हातून कुरआनचे संकलन झाले, त्यांनी या अवस्थेत नमाज सोडली नाही. मग परळहून नळी लावून घरी आलेल्या आपल्या वडिलांनी ती का सोडावी?

आता तपशील पाहू. महाराष्ट्रातील मुसलमानांत दोन मजहब प्रामुख्याने आढळतात. घाटावरचे व मराठवाड्यातील बहुतेक लोक हनफी, तर किनारपट्टीचे कोकणी मुसलमान परंपरेने शाफई. मुंबईत एकाच इमारतीत दोन्ही राहतात आणि एकमेकांच्या मसाइलची सरमिसळ करतात. या विषयात ती करू नये, कारण फरक नेमका आहे.

हनफी मतानुसार एखाद्या नमाजची संपूर्ण वेळ अशी गेली की वुजू करून केवळ फर्ज अदा करण्याएवढीही कोरडी सवड मिळाली नाही, तर ती व्यक्ती माजूर ठरते. मगरिबची वेळ लहान असते, त्यामुळे पडताळा घेण्यास ती सोयीची. एकदा माजूर ठरल्यावर पुढील प्रत्येक नमाजच्या वेळेत एकदा जरी थेंब आला तरी उजर कायम राहतो. वुजू एकदा करावा. त्या वेळेत फर्ज, सुन्नत, नफ्ल, कजा, कुरआनपठण, सारे त्याच वुजूने चालते. लघवी गळाल्याने तो वुजू तुटत नाही. वायू सरणे, झोप अशा अन्य कारणाने मात्र तुटतो, आणि नमाजची वेळ संपली की संपतो. फजरचा वुजू सूर्योदयाबरोबर जातो. परंतु सूर्योदयानंतर, समजा सकाळी 11 वाजता केलेला वुजू जुहरची वेळ संपेपर्यंत राहतो, कारण मधे कोणत्याही फर्ज नमाजची वेळ संपत नाही. जुम्याच्या दिवशी याचा मोठा उपयोग होतो. मशिदीच्या हौदावर गर्दीत ताटकळण्याऐवजी हनफी रुग्ण घरीच निवांतपणे पॅड बदलून, वुजू करून निघू शकतो. ज्या दिवशी एका नमाजची पूर्ण वेळ एकही थेंब न येता जाईल, त्या दिवशी उजर संपला. पुन्हा नेहमीचे नियम लागू झाले.

शाफई मतानुसार वुजू वेळ सुरू झाल्यावरच करावयाचा. क्रमही ठरलेला आहे : आधी जागा धुणे, मग ताजे पॅड लावणे, लगेच वुजू आणि विलंब न करता नमाज. एका वुजूने एकच फर्ज अदा होते, नफ्ल हव्या तेवढ्या. पुढच्या फर्जसाठी, मग ती कजा असली तरी, पुन्हा पॅड व वुजू. मधे रेंगाळले, गप्पा मारल्या किंवा जेवण उरकले तर पुन्हा करावे लागते. अजान, जमातीची प्रतीक्षा, खुतबा ऐकणे हा विलंब मात्र नमाजच्याच कामाचा असल्याने चालतो. म्हणून शाफई रुग्णाने जुम्याला सूर्य कलल्यानंतर वुजू करून थेट मशीद गाठावी.

कपड्यांबाबत हनफी उलमांनी सांगितले आहे की नमाज पूर्ण होण्याआधीच कपडा पुन्हा भिजणार अशी स्थिती असेल, तर तो धुणे बंधनकारक नाही. भिजणार नसेल, तर धुवावा किंवा बदलावा. इमामत कोणी करावी, यात मतभेद आहे. हनफी मतानुसार माजूराने निरोगी लोकांची इमामत करू नये, तर शाफई मजहबच्या ग्राह्य मतानुसार ती होते. गावच्या मशिदीत वर्षानुवर्षे इमामत करणाऱ्या बुजुर्गांवर शस्त्रक्रिया झाली असेल तर हा प्रश्न प्रत्यक्षात उभा राहतो. तो मजलिसीत चघळू नये, जाणत्या आलिमांना विचारून शांतपणे सोडवावा.

एक मसला मला विशेष महत्त्वाचा वाटतो, कारण तो या शस्त्रक्रियेच्या स्वरूपाशी तंतोतंत जुळतो. संपूर्ण ग्रंथी काढल्यानंतर गळती बहुधा सतत नसते. खोकताना, शिंकताना, ओझे उचलताना, बैठकीतून उठताना पोटावर दाब आला की थेंब येतात. स्वस्थ बसल्यास कोरडे राहते. नमाजमध्ये तर सतत उठबस असते. मग अशा माणसाने काय करावे? हनफी आणि शाफई, दोन्ही फुकहांनी शेकडो वर्षांपूर्वी याचे उत्तर दिले आहे : उभे राहिल्याने लघवी गळत असेल आणि बसल्याने थांबत असेल, तर बसून नमाज अदा करावी. कियामपेक्षा येथे पाकी राखणे अग्रक्रमाचे ठरते. तेव्हा काही महिने खुर्चीवर बसून नमाज अदा करणाऱ्याकडे पाहून, ‘पाय तर चांगले धडधाकट आहेत’ असे पुटपुटणाऱ्यांनी आपली जीभ आवरावी. त्याला कशाची अडचण आहे हे आपल्याला माहीत नसते आणि ते माहीत असण्याचे कारणही नाही.

नळी असतानाचे दिवस त्या मानाने सोपे. नळीतून लघवी सतत उतरत असते, म्हणून उजर निर्विवाद आहे. नमाजपूर्वी पिशवी रिकामी करावी, जागा स्वच्छ करून वुजू करावा. पिशवीसह मशिदीत जाण्याचा आग्रह धरू नये. मशिदीचे पावित्र्य जपण्यासाठी त्या एक-दोन आठवड्यांत घरीच नमाज अदा करावी. जमात चुकल्याची खंत वाटेल, ती स्वाभाविक आहे. पण आजारी पडलेल्या किंवा प्रवासात असलेल्या बंद्याच्या खाती, तो निरोगी व घरी असताना जे करीत असे त्याचेच पुण्य लिहिले जाते, अशी हजरत अबू मूसा अशअरी (रजि.) यांनी कथन केलेली हदीस बुखारीत आहे. टाक्यांना पाणी लावू नये असे डॉक्टरांनी सांगितले असेल तर पट्टीवरून ओला हात फिरवावा, म्हणजे मसह करावा. तेही घातक असेल तर आलिमांना विचारून तयम्मुम करावे. येथे हजरत जाबिर (रजि.) यांची हदीस आठवावी. डोक्याला जखम झालेल्या एका माणसावर गुस्ल आवश्यक झाला. सोबत्यांनी त्याला सवलत नाही असे सांगितले, त्याने स्नान केले आणि तो मरण पावला. प्रेषितांना (स.) हे कळले तेव्हा ते अत्यंत संतप्त झाले आणि अज्ञानाचा इलाज विचारणे हा आहे, असे त्यांनी बजावले.

नळी ही काही पाश्चात्त्यांनी काल आणलेली वस्तू नाही, हे जाता जाता सांगावेसे वाटते. अंदलुसचे शल्यविशारद अबुल कासिम अल-जहरावी यांनी हजार वर्षांपूर्वी आपल्या ‘अत्-तसरीफ’ या ग्रंथात लघवी तुंबलेल्या रुग्णासाठी चांदीच्या नळीचे वर्णन केले आहे.

आजच्या नळीची काळजी मात्र नीट समजून घ्या. पिशवी नेहमी मूत्राशयाच्या पातळीखाली असावी, पण जमिनीवर लोळू नये. नळी शरीरात शिरते तेथे रोज साबण-पाण्याने स्वच्छ करावे. नळी ओढली जाणार नाही अशी मांडीला चिकटवून ठेवावी. संपूर्ण ग्रंथी काढलेल्या रुग्णाच्या बाबतीत सर्वांत मोठा धोका म्हणजे नळी निसटणे किंवा तुंबणे, आणि गावातल्या कोणा जाणत्याने दुसरी नळी जोर लावून घालणे. आतला जोड कोवळा असतो, तो त्याने फाटू शकतो. असे झाल्यास ज्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली तेथेच संपर्क साधावा. कोकणात परतणाऱ्यांनी शस्त्रक्रियेचा तपशील लिहिलेले पत्र खिशात ठेवावे, म्हणजे वाटेत अन्य डॉक्टरकडे जावे लागले तरी घोळ होणार नाही. ताप, थंडी वाजणे, लघवीत रक्ताच्या गाठी, नळीतून लघवी येणे बंद होणे, पोटरीला सूज व वेदना, धाप लागणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नये.

नळी काढल्यावर खरा धीर लागतो. पहिल्या दिवशी सारे काही गळते आणि शस्त्रक्रिया फसली असे वाटते. ती फसलेली नसते. ताबा आठवड्या-आठवड्याने, महिन्या-महिन्याने परत येतो. बहुतेकांचा त्रास वर्षभरात पुष्कळ कमी होतो, पण प्रत्येकाची गती निराळी असते. यासाठी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम सांगितला जातो. वायू रोखून धरताना जे स्नायू आवळले जातात तेच हे स्नायू. पोट, मांड्या व श्वास सैल ठेवून ते साधारण 5 सेकंद आवळावे, तितकाच वेळ सोडावे, असे सुमारे 10 वेळा, दिवसातून तीनदा. नळी असताना हा व्यायाम करू नये, आणि सुरुवात डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवून करावी. आठवण राहत नसेल तर फजर, असर व इशाच्या नमाजनंतर, तसबीह झाल्यावर करण्याची सवय लावून घ्यावी. खोकला येण्यापूर्वी किंवा खुर्चीवरून उठण्यापूर्वी क्षणभर ते स्नायू आवळून घेतले की थेंब पुष्कळदा रोखला जातो.

गळतीच्या भीतीने पाणी पिणे तोडणे ही सर्रास होणारी चूक आहे. त्याने लघवी दाट होऊन जळजळ वाढते, बद्धकोष्ठ होते, आणि कुंथणे तर या शस्त्रक्रियेनंतर मुळीच चालत नाही. पाणी पुरेसे प्यावे, चहा मात्र कमी करावा. तो आपल्या घरांत दिवसाला पाच-सहा वेळा होतो आणि मूत्राशयाला चाळवतो. सुमारे सहा आठवडे जड उचलू नये. परळ-लालबागच्या चाळीत राहणाऱ्यांसाठी याचा अर्थ सरळ आहे : नळाला पाणी आल्यावर बादल्या भरून आणण्याचे काम दुसऱ्याने करावे. सार्वजनिक शौचालय गॅलरीच्या टोकाला असेल तर रात्रीसाठी बिछान्याजवळ लघवीचे भांडे ठेवावे. त्यात कमीपणा नाही. चालणे मात्र चांगले, त्याने रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका कमी होतो. रमजान जवळ आला असेल तर रोजाचा हट्ट धरू नये. आजाऱ्याला नंतरच्या दिवसांत ते भरून काढण्याची मुभा सूरह बकरातच आहे.

आणखी एक विकार शरीराचा नसून मनाचा आहे : वसवसा. उजर संपल्यावरही काही जण तासातासाला जाऊन पाहतात, नमाज मधेच तोडतात. फिक्हचा नियम असा आहे की खात्री ही शंकेने नाहीशी होत नाही. थेंब आल्याची खात्री असेल तर वुजू करा. केवळ ‘आला असेल’ एवढेच वाटत असेल तर नमाज पुढे चालू ठेवा. वुजूनंतर कपड्यावर थोडे पाणी शिंपडण्याची जी सुन्नत हदीसमध्ये आली आहे, तिचा फायदा या शंकेखोर मनालाच होतो.

पडद्याबाबत कुटुंबीयांनी तारतम्य ठेवावे. उपचारासाठी जेवढे उघडणे आवश्यक तेवढे उघडणे जायज आहे. पुरुष कर्मचारी मिळावा अशी विनंती रुग्णाने संकोच न करता करावी, न मिळाल्यास उपचार टाळू नयेत. घरी ही सेवा पत्नीने किंवा मुलाने करावी. सारा भार सुनेवर टाकून मुलगा बाहेर बसतो, हे दृश्य बरे नव्हे.

पती-पत्नीच्या संबंधांविषयी आपल्याकडे मौन असते, आणि या मौनाने दोघेही झुरतात. संपूर्ण ग्रंथी काढल्यावर शुक्रस्राव होत नाही. शेजारच्या मज्जातंतूंना धक्का बसल्यामुळे सामर्थ्य काही काळ, कधी कधी कायमचे, कमी होते. सुधारणेला वर्ष-दोन वर्षे लागू शकतात. हे शस्त्रक्रियेपूर्वीच डॉक्टरांसमोर पत्नीच्या उपस्थितीत समजून घेतलेले बरे. कुरआनने पती-पत्नींना एकमेकांचे वस्त्र म्हटले आहे, आणि वस्त्राचे पहिले काम झाकणे व ऊब देणे हे आहे. स्राव होत नसला तरी समागमाने दोघांवर गुस्ल आवश्यक होतो, हेही ध्यानात असावे. लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या जाहिराती वाचून गुपचूप गोळ्या आणू नयेत. हृदयविकारासाठी नायट्रेटची औषधे घेणाऱ्याने ताकदीच्या गोळ्या घेतल्यास रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. जे विचारायचे ते शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावे. याला इलाज आहे आणि त्यांच्यासाठी हा रोजचा विषय आहे.

कर्करोगासाठी शस्त्रक्रिया झालेल्यांनी पी. एस. ए. ही रक्ततपासणी दिलेल्या तारखेला न चुकता करावी. ग्रंथी काढल्यावर ती जवळजवळ शून्य यावी लागते. प्रकृती सुधारली, गावी जमले, शेती-दुकान सुरू झाले की मुंबईची फेरी टाळली जाते. ती टाळू नये.

मशिदींच्या विश्वस्तांना एक विनंती करून हा लेख थांबवितो. मुंबईत जागेची अडचण सर्वांनाच ठाऊक आहे. तरीही तळमजल्यावर एक बसण्याचे शौचालय, आतून कडी असलेले, आत पाण्याचा नळ, कपडे अडकवण्यास खुंटी आणि वापरलेले पॅड टाकण्यास झाकणाचा डबा, एवढे करता येईल. स्त्रियांच्या शौचालयांत असा डबा असतो, पुरुषांच्या शौचालयांत कोणी ठेवीत नाही. तो नसल्यामुळे ओले पॅड कागदात गुंडाळून सदऱ्याच्या खिशात ठेवावे लागू नये, म्हणून जुम्याला घरीच थांबणारे वृद्ध आपल्या मोहल्ल्यात आहेत.